इन्स्टॉलरशिवाय मॉड बसवताना नोंद कोण ठेवणार?

कोरीपाटी (धागाकर्ता)

गेममध्ये हाताने मॉड (खेळाडूंनी तयार केलेला, गेममध्ये भर घालणारा किंवा बदल करणारा फाइलींचा संच) कसा बसवावा हे सांगणारी माहिती भरपूर सापडते आणि बहुतेक वेळा ती एका वाक्यात संपते: झिप उघडा, आतले सगळे गेमच्या फोल्डरमध्ये टाका आणि विचारणा झाली तर 'रिप्लेस' म्हणा. बसवण्यापुरते हे खरेही आहे. परंतु त्याच मॉडची पुढची आवृत्ती आली किंवा तो मॉड नकोसा झाला, की त्या वाक्यात काय राहून गेले होते ते कळते. फाइली कॉपी करणे कोणालाही जमते. मॉड मॅनेजर, म्हणजे मॉड बसवणारे आणि काढणारे सॉफ्टवेअर, जे खरे काम करतो ते नोंदीचे असते: कोणत्या मॉडने कोणती फाइल कोठे ठेवली आणि ती ठेवताना आधीची कोणती फाइल पुसली गेली, हे त्याच्याजवळ लिहिलेले असते. मॅनेजर नको असेल, तर ते लिहिण्याची जबाबदारी आपल्यावर येते. या धाग्याचा विषय तेवढाच आहे.

आपला गेम कोणत्या प्रकारात मोडतो हे आधी पाहावे. एका प्रकारात प्रत्येक मॉडचे स्वतंत्र फोल्डर असते. स्टारड्यू व्हॅली हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तेथे स्मॅपी नावाचा लोडर (गेम सुरू होताना मॉड आत घेणारा प्रोग्रॅम) असतो, 'मॉड्स' या फोल्डरमध्ये मॉडगणिक एक फोल्डर असते आणि त्या प्रत्येकात मॅनिफेस्ट नावाची जेसन फाइल असते, जिच्यात मॉडचे नाव, आवृत्ती आणि इतर कोणाचे नसेल असे ओळखनाम लिहिलेले असते. फोल्डर काढले की मॉड गेला. फोल्डरच्या नावाआधी टिंब दिले तर स्मॅपी ते वाचत नाही, त्यामुळे काहीही न पुसता मॉड बंद ठेवता येतो. जुने आणि नवे अशी दोन्ही फोल्डरे शेजारी शेजारी राहिली, तर एकच ओळखनाम दोनदा आल्याचे लोडरच्या लक्षात येते आणि दोन्हींच्या जागा तो लॉगमध्ये (चालताना घडलेल्या गोष्टी लिहिणाऱ्या फाइलमध्ये) दाखवतो. अशा गेममध्ये फोल्डरांची रचना हीच नोंद असते आणि हाताने काम करण्यात फारसा धोका नसतो.

स्कायरिम आणि फॉलआउट 4 यांचा प्रकार वेगळा आहे. तेथे सगळ्या मॉडच्या फाइली एकाच 'डेटा' फोल्डरमध्ये मिसळतात. 'टेक्श्चर्स' (पृष्ठभागांची चित्रे), 'मेशेस' (वस्तूंचे आकार), 'स्क्रिप्ट्स' (वागणूक ठरवणाऱ्या आज्ञा) ही उपफोल्डरे सर्वांची सामाईक असतात आणि एकेका मॉडच्या शेकडो फाइली त्यांत विखुरल्या जातात. दोन मॉड एकाच चिलखताचे रूप बदलत असतील, तर नंतर टाकलेल्याची फाइल पहिल्याच्या फाइलवर लिहिली जाते. पुढे दुसरा मॉड काढला तरी पहिल्याची फाइल परत येत नाही, कारण ती आता डिस्कवर कोठेही नाही.

माझी पद्धत अशी आहे. गेमच्या बाहेर एक 'साठा' फोल्डर ठेवावे. त्यात प्रत्येक मॉडसाठी नाव आणि आवृत्ती लिहिलेले एक फोल्डर करावे आणि त्यात उतरवून घेतलेली मूळ झिप जशीच्या तशी ठेवावी. शेजारी ती झिप उघडून अशी मांडून ठेवावी, की तिची रचना गेमच्या मुख्य फोल्डरशी तंतोतंत जुळेल. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीआयआर' ही आज्ञा 'एस' आणि 'बी' या स्विचांसह चालवून त्या मांडणीतील सर्व फाइलींची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये काढावी. कॉपी करताना विंडोज सारख्या नावाच्या फाइली असल्याचे सांगून थांबते, तेव्हा घाईने होकार न देता 'फाइलींची तुलना करा' हा पर्याय उघडावा आणि कोणत्या फाइली पुसल्या जाणार आहेत ते त्याच टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवावे. अद्ययावत करताना आधी यादीबरहुकूम जुनी आवृत्ती पूर्ण काढावी आणि नंतरच नवी टाकावी. जुन्यावर नवी ओतू नये.

यात कोणाचे काही वेगळे मत असल्यास अवश्य मांडावे. मॅनेजर चांगला की हात, या जुन्या वादात मात्र शक्यतो शिरू नये.

रात्रपाळी

जुन्यावर नवी आवृत्ती ओतू नये, याचे कारण धाग्यात थोडक्यात आले आहे. ते विस्ताराने सांगतो, कारण 'रिप्लेस म्हटले म्हणजे नवी आवृत्ती आली' असा समज फार पसरलेला आहे.

समजा, एका मॉडच्या पहिल्या आवृत्तीत सर्व फाइली सुट्या होत्या आणि त्या 'डेटा'च्या उपफोल्डरांत गेल्या. दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने त्याच फाइली सुधारून एका बीएसए संग्रहात (अनेक फाइली एकत्र ठेवणाऱ्या एका फाइलमध्ये) बांधल्या. आपण नवी झिप आणून कॉपी केली. विंडोजने फक्त ईएसपी फाइल (मॉडची मुख्य फाइल, जिला प्लगइनही म्हणतात) बदलण्याबद्दल विचारले, आपण हो म्हटले आणि संग्रह नवा म्हणून शेजारी जाऊन बसला. काहीच बिघडलेले दिसत नाही. परंतु स्कायरिममध्ये सुटी फाइल संग्रहातील फाइलला नेहमी झाकते. म्हणजे ईएसपी दुसऱ्या आवृत्तीची आणि स्क्रिप्ट पहिल्या आवृत्तीच्या, अशी खिचडी चालू राहते. मॉडच्या पानावर आपण तक्रार लिहितो, लेखक सांगतो की ही चूक नव्या आवृत्तीत दुरुस्त झाली आहे, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

लेखकाने एखादी फाइल वगळली किंवा तिचे नाव बदलले, तरी हेच होते. कॉपी करण्याच्या क्रियेला भर घालता येते आणि बदलता येते, पण काय काढायचे ते तिला ठाऊक नसते.

एक अपवाद नोंदवतो. नेक्सस मॉड्स या मॉड उतरवून घेण्याच्या संकेतस्थळावर फाइलींच्या टॅबमध्ये 'मुख्य', 'अपडेट', 'ऐच्छिक' आणि 'जुन्या' असे विभाग असतात. 'अपडेट' विभागातील फाइल सहसा फक्त बदललेल्या फाइलींची असते आणि ती मुख्य फाइलवरच टाकायची असते. तेथे जुनी आवृत्ती काढून केवळ अपडेट टाकले, तर अर्धा मॉड गायब होईल. त्यामुळे लेखकाने वर्णनात काय लिहिले आहे ते आधी वाचावे, मग हात चालवावा.

एकखिडकी

धागाकर्त्याने वाद नको म्हटले आहे, तरी एक शंका विचारल्यावाचून राहवत नाही. साठा, मांडणी, यादी, पुसलेल्या फाइलींची नोंद हे सगळे हाताने करायचे असेल, तर आपण एक हळू चालणारा मॅनेजरच तयार करत आहोत. मॉड ऑर्गनायझर 2 हा मॅनेजर गेमच्या फोल्डरला हात न लावता आभासी फाइल प्रणालीतून मॉड दाखवतो. व्हॉर्टेक्स हा मॅनेजर साठ्यातील फाइली हार्डलिंकने (एकाच फाइलला दुसऱ्या जागीही नाव देऊन) गेमच्या फोल्डरमध्ये आणतो. दोन्ही फुकट आहेत. मग हा खटाटोप कशासाठी?

कोरीपाटी

आपली शंका रास्त आहे आणि स्कायरिममध्ये दोनशे मॉड टाकणाऱ्याला मी स्वतः मॉड ऑर्गनायझरच सुचवीन. परंतु सगळ्या गेमना मॅनेजरचा आधार नसतो. लहान गेमचे मॉड बहुधा नुसत्या झिपच्या रूपात येतात. काही जणांच्या संगणकावर नवे सॉफ्टवेअर चढवण्याची परवानगी नसते. व्हॉर्टेक्सच्या हार्डलिंकसाठी साठा आणि गेम एकाच पार्टिशनवर असावे लागतात, ते प्रत्येकाला सोयीचे नसते. शिवाय मॅनेजर अडला म्हणजे तो नेमके काय करत होता हे समजणारा माणूस लागतो, आणि हाताने काही मॉड बसवलेल्या माणसाला ते लवकर समजते.

पाच-दहा मॉडसाठी ही पद्धत जड नाही. पन्नाशी ओलांडली की आपले म्हणणे मला मान्य आहे.

तळटीप

हाताने बसवणाऱ्यांची सर्वात जास्त फसगत मॅनेजरसाठीच बांधलेल्या झिपमुळे होते आणि तिचा उल्लेख अजून आलेला नाही, म्हणून लिहिते.

झिप उघडल्यावर आत 'टेक्श्चर्स', 'मेशेस' अशी ओळखीची फोल्डरे न दिसता '00 कोअर', '01 टू के', '02 फोर के', '03 पॅच' अशी क्रमांकित फोल्डरे (टू के आणि फोर के म्हणजे चित्रांची कमी-जास्त सूक्ष्मता) आणि 'फोमॉड' नावाचे एक फोल्डर दिसले, तर ती झिप मॅनेजरने प्रश्न विचारत विचारत बसवावी अशा हेतूने केलेली असते. ती तशीच 'डेटा'मध्ये ओतली तर काहीही होत नाही, कारण '00 कोअर' नावाच्या फोल्डरशी गेमला काही कर्तव्य नसते. लोक मग मॉड चालत नाही असे लिहितात.

अशा वेळी 'फोमॉड' फोल्डरमधील मॉड्यूलकॉन्फिग ही एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. ती भयंकर दिसते, पण तिची भाषा साधी आहे. सुरुवातीला आवश्यक फाइलींचा भाग येतो. त्यात 'सोर्स' म्हणून जे फोल्डर लिहिले आहे त्याच्या आतला मजकूर 'डेस्टिनेशन'मध्ये जायचा असतो. डेस्टिनेशन रिकामे असेल तर त्याचा अर्थ थेट 'डेटा' फोल्डर. त्याच्या पुढे एकेक पान, त्यावरचे पर्याय आणि प्रत्येक पर्यायाला जोडलेले फोल्डर असा क्रम लागतो. एखाद्या पर्यायाला 'अमुक ईएसपी हजर असेल तर' अशी अट असते. तो पॅच, म्हणजे दोन मॉड एकमेकांशी जुळवणारी जोडफाइल, आपल्याकडे तो दुसरा मॉड असेल तरच घ्यावा. आधी कोअर, मग निवडलेले पर्याय फाइलीत लिहिलेल्या क्रमानेच एकावर एक साठ्यातील मांडणीत कॉपी करावेत. येथे क्रम बदलला तर चुकीची फाइल वर राहते.

कोणते पर्याय निवडले ते टेक्स्ट फाइलमध्ये जरूर लिहावे. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते तेव्हा आपण टू के घेतले होते की फोर के, हे कोणालाच आठवत नाही.

नवखी

या धाग्याशी जुळते असे वाटले म्हणून येथेच विचारते. युनिटी इंजिनवर बनवलेल्या एका गेमसाठी बेपइनएक्स लोडर आणि त्यावर चालणारा एक मॉड घेतला. दोन्ही झिप उघडून गेमच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. गेम व्यवस्थित सुरू होतो, कोणतीही चूक दाखवत नाही आणि मॉडचाही कोठे मागमूस नाही. चूक दाखवली असती तर निदान काही शोधता आले असते. कोठून सुरुवात करावी?

रात्रपाळी

काहीच न घडणे ही उपयुक्त खूण आहे, कारण लोडरच जागा झालेला नाही असा तिचा अर्थ होतो. 'बेपइनएक्स' फोल्डरमध्ये 'लॉगआउटपुट' नावाची लॉग फाइल तयार झाली आहे का, ते प्रथम पाहावे. नसेल, तर मॉडचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

बेपइनएक्स गेमच्या एक्झी फाइलच्या अगदी शेजारी ठेवलेल्या विनएचटीटीपी नावाच्या डीएलएलमधून (प्रोग्रॅमला जोडल्या जाणाऱ्या कोडच्या फाइलमधून) आत शिरतो. गेम सुरू होताना त्या नावाची डीएलएल शोधतो आणि त्याला शेजारची सापडते. ती एक पायरी जरी आत असली तरी सापडत नाही. विंडोजमध्ये 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' केले की झिपच्या नावाचे एक जास्तीचे फोल्डर तयार होते आणि सगळे त्याच्या पोटात जाते. आपल्याकडे बहुधा तेच झाले असावे. एक्झी, विनएचटीटीपी आणि 'बेपइनएक्स' फोल्डर ही तिन्ही एकाच पातळीवर दिसली पाहिजेत.

तरीही लॉग आला नाही, तर 32 बिट आणि 64 बिट यांची जुळणी तपासावी. गेमच्या फोल्डरमध्ये 'गेमअसेंब्ली' नावाची डीएलएल असेल तर तो गेम आयएलटूसीपीपी पद्धतीने बांधलेला आहे आणि त्याला बेपइनएक्सची 6 क्रमांकाची आवृत्ती लागते. 5 क्रमांकाची मोनोवर, म्हणजे युनिटीच्या दुसऱ्या पद्धतीवर, चालणाऱ्या गेमसाठी आहे.

नवखी

जास्तीचे फोल्डर होते. ते काढल्यावर गेमने एकदा सुरू होऊन 'कॉन्फिग' आणि 'प्लगइन्स' ही फोल्डरे स्वतःच तयार केली, मॉड 'प्लगइन्स'मध्ये ठेवल्यावर तो लॉगमध्येही दिसू लागला आणि गेममध्येही. मनःपूर्वक आभार.

आता पुढचा प्रश्न. मॉडची नवी आवृत्ती आली, तर 'कॉन्फिग'मधील सेटिंगची फाइलही काढायची का? तिच्यात मी कळांची मांडणी बदलून घेतली आहे.

तळटीप

ती फाइल काढू नये. ती झिपमधून आलेली नसते, मॉड पहिल्यांदा चालला तेव्हा ती तयार झालेली असते. म्हणून ती कोरीपाटी यांच्या यादीतही येणार नाही आणि यादीबरहुकूम पुसताना आपोआप वाचेल. बेपइनएक्समध्ये नव्या आवृत्तीने वाढवलेल्या सेटिंग त्याच फाइलमध्ये भरल्या जातात आणि आपले बदल राहतात.

स्टारड्यूमध्ये मात्र सावध राहावे लागते, कारण तेथे कॉन्फिग नावाची जेसन फाइल मॉडच्याच फोल्डरमध्ये तयार होते. 'फोल्डर काढले की मॉड गेला' हे धाग्यात आले आहे, त्यात आपल्या सेटिंगही जातात. जुने फोल्डर बाहेर सरकवावे, नवे आत ठेवावे आणि जुन्यातील फक्त कॉन्फिग नव्यात आणावी. मग जुने फोल्डर साठ्यात राहू द्यावे.

कोरीपाटी

तळटीप यांच्या म्हणण्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. मॉडने मोठी उडी घेतली असेल, म्हणजे आवृत्तीचा पहिला आकडा बदलला असेल, तर जुनी कॉन्फिग आणताना एकदा बदलांची टिपणी वाचावी. लेखक कधी सेटिंगची नावे बदलतात, कधी एकाच नावाचा अर्थ बदलतात. अशा वेळी नवी कॉन्फिग तयार होऊ द्यावी आणि जुनी शेजारी उघडून आपले बदल हाताने उतरवावेत. पाच मिनिटांचे काम असते.

अर्धविराम

मॅक वापरणाऱ्यांसाठी एक इशारा देणे आवश्यक वाटते. धाग्यात 'कॉपी' हा शब्द विंडोजच्या अर्थाने आला आहे. विंडोजमध्ये सारख्या नावाचे फोल्डर टाकले तर आतला मजकूर मिसळतो. मॅकच्या फाइंडरमध्ये 'रिप्लेस' म्हटले तर जुने फोल्डर पूर्ण जाते आणि नवे त्याच्या जागी येते. 'मर्ज' हा पर्याय दरवेळी समोर येत नाही, काही वेळा ऑप्शन कळ धरून ओढल्यावरच दिसतो. त्यामुळे विंडोजसाठी लिहिलेली 'मॉड्स फोल्डर गेममध्ये टाका' ही सूचना मॅकवर अक्षरशः पाळली, तर आधी बसवलेले सगळे मॉड एका होकारासरशी नाहीसे होऊ शकतात. बाहेरचे फोल्डर कधी ओढू नये. ते उघडून आतली मॉडची फोल्डरे तेवढी ओढावीत.

शेवटचा सेव्ह

आतापर्यंतची चर्चा मॉड अद्ययावत करण्याची झाली. गेम स्वतः अद्ययावत होतो तेव्हा काय करायचे, यावरही लिहायला हवे, कारण बहुतेक पडझड तेव्हाच होते.

11 नोव्हेंबर 2021 रोजी स्कायरिमची अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन आली, तेव्हा ती विकत न घेतलेल्यांच्या स्पेशल एडिशनचीही एक्झी फाइल 1.5.97 वरून 1.6 मालिकेत गेली. एसकेएसई हा स्कायरिमचा लोडर एक्झीच्या नेमक्या आवृत्तीशी बांधलेला असतो, त्याच्या डीएलएलच्या नावातच तो आकडा असतो. एका अपडेटने तो थांबला आणि त्याच्यावर उभे असलेले डीएलएल मॉडही थांबले. पुढे डिसेंबर 2023 मध्ये 1.6.1130 आणि जानेवारी 2024 मध्ये 1.6.1170 आली, तेव्हा पुन्हा तीच गत. स्टारड्यू व्हॅलीची 1.6 आवृत्ती 19 मार्च 2024 रोजी आली, तेव्हाही अनेक मॉडना लेखकांच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली.

म्हणून मॉडच्या यादीत गेमची आवृत्तीही लिहावी. स्टीम या गेम विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून 'गेम सुरू करीन तेव्हाच अपडेट करा' हा पर्याय निवडता येतो, पण अपडेट कायमचे बंद करणारे बटण नाही. त्यामुळे तो पर्याय निवडून गेम नेहमी एसकेएसईच्या लोडरवरूनच सुरू करण्याचा परिपाठ बरेच जण ठेवतात. काही गेमच्या 'बीटाज' विभागात जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात. गॉग या दुसऱ्या दुकानाच्या गॅलेक्सी सॉफ्टवेअरमध्ये जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय अधिक सरळ आहे. माझ्या मते मॉडसह खेळायचा गेम दोन्हीकडे मिळत असेल, तर एवढ्या एका कारणासाठी गॉगवर घ्यावा.

एक बारीक गोष्टही सांगतो. जीटीए 5 मध्ये ओपनआयव्ही हे गेमच्या फाइली बदलण्याचे साधन वापरणारे मूळ आरपीएफ संग्रहाची प्रत 'मॉड्स' फोल्डरमध्ये ठेवून तीत बदल करतात आणि मूळ संग्रह शाबूत ठेवतात. पद्धत उत्तम आहे. परंतु गेम अपडेट झाला की मूळ संग्रह नवा होतो आणि 'मॉड्स'मधील प्रत जुनीच राहते. नवी एक्झी आणि जुना संग्रह एकत्र आल्यावर गेम सुरू होता होता कोसळतो. तेव्हा प्रत नव्याने घेऊन त्यात पुन्हा बदल करावे लागतात, आणि कोणते बदल केले होते ते लिहिलेले नसेल तर ते आठवत बसावे लागते. हे सगळे फक्त एकट्याने खेळण्याच्या भागासाठी आहे. ऑनलाइन भागात मॉडसह गेल्यास खाते बंद होण्याची शक्यता असते.

एकखिडकी

गेम मॉड कोणत्या क्रमाने वाचतो याविषयी कोणी बोललेले नाही. सायबरपंक 2077 मध्ये 'आर्काइव्ह', 'पीसी', 'मॉड' या मार्गाने जाणाऱ्या फोल्डरमध्ये आर्काइव्ह फाइली टाकतात आणि त्या वर्णक्रमाने वाचल्या जातात. दोन फाइली एकाच गोष्टीवर हक्क सांगत असतील, तर आधी वाचलेली जिंकते. म्हणून लोक फाइलच्या नावाआधी शून्य किंवा उद्गारचिन्ह लावून तिला पुढे आणतात. हाताने करण्याच्या बाबतीत हे सोपे आहे, हे मला मान्य करावे लागेल.

कोरीपाटी

सोपे आहे आणि त्यातच पुढची अडचण दडलेली आहे. आपण नाव बदललेली फाइल यादीत मूळ नावाने लिहिलेली राहते. नवी आवृत्ती येते ती मूळ नावाने. तिला विंडोज नवी फाइल समजते, काहीच विचारत नाही, आणि एकाच मॉडच्या दोन आवृत्त्या शेजारी बसतात. वर्णक्रमाने पुढे असल्यामुळे जिंकते ती जुनी. म्हणून नावातील बदल साठ्यातील मांडणीतच करावा, गेमच्या फोल्डरमध्ये करू नये, म्हणजे यादी खरी राहते.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीतही हाच धोका आहे, कारण जार फाइलच्या (मॉडचा जावा प्रोग्रॅम असलेल्या फाइलच्या) नावात बहुधा आवृत्तीचा आकडा असतो आणि त्यामुळे नवी फाइल जुनीवर कधीच लिहिली जात नाही. फोर्ज या लोडरच्या अनेक जुन्या आवृत्त्या दुहेरी मॉड सापडल्याचे सांगून गेम थांबवत असत. ते त्रासदायक वाटे, पण निमूटपणे जुनी आवृत्ती चालवण्यापेक्षा बरे. तेथे झिप उघडण्याची सवयही आवरावी लागते. जार फाइल न उघडता जशीच्या तशी 'मॉड्स'मध्ये ठेवायची असते.

अवांतर: 2013 मधील 1.6 आवृत्तीच्या आधीच्या काळात माइनक्राफ्टची मुख्य जार फाइलच उघडून तीत क्लास फाइली कोंबाव्या लागत आणि आतले 'मेटा-इन्फ' फोल्डर पुसावे लागे. ते राहिले तर काळा पडदा. त्या मानाने आजचे हात फार सुखात आहेत.

अर्धविराम

डीएलएल आणि जार फाइली म्हणजे पूर्ण अधिकार असलेले प्रोग्रॅम आहेत, याचीही नोंद असावी. जून 2023 मध्ये कर्सफोर्ज आणि बकिट या संकेतस्थळांवरील काही माइनक्राफ्ट मॉडमधून फ्रॅक्चरायझर नावाचा घातक प्रोग्रॅम पसरला होता. तेव्हा कोणतेही मॉड निर्धास्तपणे घेऊ नयेत आणि लेखकाच्या मूळ पानाऐवजी तिसऱ्याच ठिकाणी पुन्हा चढवलेल्या झिप तर मुळीच घेऊ नयेत.

विंडोज उतरवलेल्या झिपवर इंटरनेटवरून आल्याची खूण ठेवते आणि विंडोजच्याच साधनाने उघडल्यास ती आतल्या फाइलींवरही उतरते. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट फ्रेमवर्कवर चालणारे काही लोडर अशा डीएलएल नाकारतात. झिप विश्वासाच्या ठिकाणची असेल, तर उघडण्याआधी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' करावे.

तळटीप

लिनक्सविषयी दोन वाक्ये. तेथे फाइल प्रणाली लहान आणि मोठी रोमन अक्षरे वेगळी मानते, त्यामुळे एका मॉडचे 'टेक्श्चर्स' मोठ्या अक्षराने आणि दुसऱ्याचे लहान अक्षराने सुरू होत असेल, तर दोन फोल्डरे तयार होतात आणि प्रोटॉनमधून (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या साधनातून) चालणाऱ्या गेमला त्यांतले एकच दिसते. म्हणून साठ्यातील मांडणीतच नावे एकसारखी करून घ्यावीत. बेपइनएक्ससाठी स्टीमच्या लाँच ऑप्शनमध्ये विनएचटीटीपी बाहेरची वापरावी अशी वाइनला (प्रोटॉनच्या मुळाशी असलेल्या प्रोग्रॅमला) सूचना द्यावी लागते, नाहीतर नवखी यांच्याप्रमाणे काहीच घडत नाही.

नवखी

सर्व प्रतिसाद वाचले आणि पुढच्या गेमपासून यादी ठेवणार आहे. परंतु स्कायरिममध्ये यापूर्वीच वीसेक मॉड कोणतीही नोंद न ठेवता टाकलेले आहेत. स्टीमवर 'फाइलींची पडताळणी' केली, ती सर्व ठीक असल्याचे सांगते आणि मॉड तसेच आहेत. तेथून मागे कसे यावे?

कोरीपाटी

पडताळणी फक्त गेमच्या स्वतःच्या फाइली पाहते. बदललेल्या किंवा हरवलेल्या असतील त्या ती पुन्हा आणते, पण जास्तीच्या फाइलींकडे ढुंकूनही बघत नाही. गेम अनइन्स्टॉल केला तरी स्टीम स्वतःच्या फाइली काढते आणि मॉडच्या फाइली फोल्डरमध्ये तशाच मागे राहतात. पुन्हा बसवलेला गेम त्यांच्यासकट सुरू होतो. म्हणून अनइन्स्टॉल केल्यानंतर उरलेले फोल्डर स्वतः बाहेर हलवावे, नवे इन्स्टॉल करावे आणि कोरा गेम एकदा सुरू करून पाहावा.

त्याआधी 'डॉक्युमेंट्स'मधील 'माय गेम्स' या फोल्डरमधून सेव्ह (साठवलेला खेळ) आणि आयएनआय (सेटिंगच्या) फाइलींची प्रत काढून ठेवावी. कोणती ईएसपी चालू होती हे 'अ‍ॅपडेटा'च्या 'लोकल' भागात स्कायरिमच्या फोल्डरमधील प्लगइन्स नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये मिळेल. स्पेशल एडिशनमध्ये नावाआधी तारका असलेली प्लगइन चालू समजावी. त्या यादीवरून वीसपैकी बरेच मॉड ओळखता येतील. ज्यांना ईएसपी नसते ते, म्हणजे मुख्यतः टेक्श्चरचे मॉड, त्या यादीत नसतील; ते बाहेर हलवलेल्या फोल्डरमध्ये शोधावे लागतील.

शेवटचा सेव्ह

एक भर घालतो. चालू असलेला सेव्ह कोऱ्या गेममध्ये उघडून तसाच पुढे खेळू नये. स्क्रिप्ट असलेल्या मॉडची अवस्था सेव्हमध्येही लिहिलेली असते आणि मॉड काढल्यावर ती तेथून नीट जात नाही. गेम सेव्ह उघडतो, हरवलेल्या प्लगइनची सूचना देतो आणि पुढे जाऊ देतो. त्रास काही तासांनी सुरू होतो. म्हणून तोच खेळ पुढे न्यायचा असेल, तर स्क्रिप्टवाले मॉड त्याच आवृत्तीचे पुन्हा बसवावेत. त्या आवृत्त्या मॉडच्या पानावर 'जुन्या फाइली' या विभागात बहुधा सापडतात. टेक्श्चरचे मॉड बदलले किंवा गाळले तरी सेव्हला काही होत नाही.